फिल्टर घेण्याआधी: धुणार कोण?

(सांगलीतील मत्स्यपालनाची हौस असणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कृष्णाकाठी बसून घरच्या टाकीत पाळायच्या समुद्रातल्या माशांच्या गप्पा मारायच्या म्हणजे जरा गंमतच. आपला समुद्र पिशवीतून येतो: आरओचं पाणी आणि त्यात सागरी मीठ, हजार भागांत ३५ भाग क्षार. बादलीभर पाणी बदलायचं तरी पैसे मोजावे लागतात, म्हणून मग सगळी आशा फिल्टरवर.

‘कोणता घेऊ?’ असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, ‘धुणार किती दिवसांनी?’ कारण स्पंज, कापूस किंवा सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) घाण फक्त अडवतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथंच कुजतं, त्याचा अमोनिया होतो, पुढे नायट्राइट आणि नायट्रेट. केर सुपलीत भरून सुपली कोपऱ्यात ठेवली, तर घर झाडून झालं असं कुणी म्हणेल का?

गोड्या पाण्याकडून आलेली मंडळी कॅनिस्टर घेतात. वाईट नाही, पण तो बंद डबा. उघडायचा कंटाळा येतो आणि महिने जातात. टाकीला लटकवायचा फिल्टर छोट्या टाकीला पुरतो. कापूस समोर दिसतो, म्हणून बदललाही जातो.

खाली सम्प, म्हणजे पाणी गाळण्यासाठीची दुसरी टाकी, असेल तर मी सॉक सुचवेन. छिद्रं २०० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. १०० मायक्रॉनचा घेतला की पाणी काचेसारखं दिसतं, पण तो लवकर तुंबतो आणि पाणी वरून वाहून जातं. मग तो असून नसल्यासारखा. दर दोन-चार दिवसांनी बदलणं जमणार असेल तरच सॉक घ्या, आणि एक नव्हे, चार-पाच एकदम घ्या. मळलेला उलटा करून जोराच्या धारेखाली धुवायचा. साबण, कपड्यांची पावडर अजिबात नको. कधीतरी साध्या ब्लीचमध्ये भिजवून, खळखळून धुऊन, कडक वाळवायचा. घाण पचवणारे जिवाणू मरतील ही भीती इथं नको, त्यांचं घर लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र खडकांत असतं. ज्यांचा स्पंजच जैविक फिल्टर, म्हणजे जिवाणूंचं घर आहे, त्यांनी मात्र तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा.

रोलर फिल्टर कापड आपोआप पुढे सरकवतो. महाग आहे, रोलचा खर्चही चालू राहतो. पण आठवड्याचे सहा दिवस बाहेरगावी असणाऱ्याला तोच परवडेल. स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी फेस काढणारं यंत्र, काटेकोर अर्थानं गाळणी नव्हे. पण तो विरघळलेली घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो, म्हणून पैसे थोडेच असतील तर आधी स्किमर. आणि पॉवरहेडचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा) प्रवाह खडकामागे पोचत नसेल, तर घाण गाळणीपर्यंत येणारच नाही.

आता वीज. २०१९चा महापूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. पंप थांबला की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा रिकामी ठेवा. पंप बंद करून एकदा बघाच. बंद पडलेल्या कॅनिस्टरमधला प्राणवायू संपून पाणी नासतं. खाऱ्या पाण्यात तो मुळात कमी विरघळतो, आपल्या उन्हाळ्यात आणखी कमी. म्हणून बराच वेळ वीज गेली असेल तर ती आल्याबरोबर कॅनिस्टर सुरू करू नका. आधी उघडा, आतलं पाणी ओतून द्या, स्पंज धुवा, मग बटण दाबा. तोवर बॅटरीचा एअर पंप चालू असू द्या.