होडी बांधायची कुठं?

(नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. त्याचा काठ, पैठणच्या वरच्या अंगाला. एप्रिल. उन्हं अजून तापायची आहेत.)

हा बाभळीचा खुंटा बघा. गुडघ्याएवढा. जानेवारीत याला एक होडी बांधलेली होती आणि पाणी याला लागून होतं. आता चारी बाजूंनी तडकलेली काळी माती आहे. थोडं पुढं गेलं की खुंट्याचं नुसतं भोक दिसतं, खुंटा उपटून नेलाय. त्याच्यापुढं आणखी एक भोक. अशी भोकं धरून चालत राहिलं की शेवटी पाणी लागतं.

होडी केवढ्याला घेतली, हे सगळे विचारतात. ती ठेवायला काय पडतं, हे कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर दारात उभा राहतो, बैल गोठ्यात. होडीला ना दार, ना गोठा.

समुद्रकाठी श्रीमंतांच्या बोटींना गोठा असतो. त्याला मरीना म्हणतात. कोचीला बोळगट्टी बेटावर तशी एक आहे. तिथला हिशेब सरळ असतो: बोट जितकी लांब, तितकं भाडं. दोन सांगाड्यांची रुंद बोट असेल तर जागा जास्त अडते, म्हणून पैसेही जास्त. वीज आणि गोडं पाणी यांचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळं. वर विमा. शिवाय खाऱ्या पाण्यात बोटीच्या बुडाला शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, त्यांच्यामुळं बोट जड होते. म्हणून ठरावीक काळानं क्रेननं बोट वर काढा, बूड खरवडा, खास रंग लावा. बोटवाले ढोबळमानानं सांगतात की किमतीचा दहावा हिस्सा दर वर्षी नुसता सांभाळण्यात जातो. चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. पण हौसेला मोल नसतं, आणि ती हौस आहे.

या भाड्यात खरं काय विकत मिळतं? तरंगता धक्का. तो लोखंडी खांबांना कड्यांनी अडकवलेला असतो, भरती आली की वर सरकतो, ओहोटीला खाली. बोट आणि धक्का एकत्रच हलतात, दोरी सैल करायला कुणाला उठावं लागत नाही.

हाच धक्का नाथसागरात आणून बसवला तर?

(धरणाची भिंत. दूरवर दरवाजे.)

जायकवाडीची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. आणि हे सगळं पाणी पसरलंय सुमारे ३५,००० हेक्टरांवर. भागाकार केला तर सरासरी खोली साडेआठ मीटरही भरत नाही. हा सागर म्हणजे परात आहे, घागर नव्हे.

परातीतलं पाणी कमी झालं की ते खाली जाण्याआधी आत सरकतं. तळाचा उतार हजाराला एक धरा. पाणी एक मीटर उतरलं की काठ एक किलोमीटर मागं. पूर्ण भरलेली पातळी आणि मृतसाठ्याची पातळी (तिच्याखालचं पाणी कालव्यात सोडता येत नाही) यांत आठेक मीटरचं अंतर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या वर्षी, हे धरण मृतसाठ्यात गेलं होतं. समुद्रातला धक्का वरखाली होतो. इथं त्याला चालावं लागेल.

तो चालत नाही, म्हणून होडी चालवावी लागते.

(जवळून: दोन माणसं, एक पत्र्याची होडी, खाली लाकडी ओंडके.)

आधी जाळी उतरवायची, वल्ही उतरवायची, तळातलं पाणी डबड्यानं उपसायचं. मग पुढच्या टोकाखाली ओंडका सारायचा आणि ढकलायचं. मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पळत पुढं. माती वरून वाळलेली दिसते, पण पापुद्रा फुटला की पाय मांडीपर्यंत गाळात. काठावर दररोज नजर असेल तर दोन माणसांत भागतं. होडीवाला लग्नाकार्याला गेला, चार दिवस फिरकला नाही, की होडी कोरड्यावर बसते आणि सहा जणांना हाक मारावी लागते. त्यांना रोजगार द्यायचा नसतो, सावड असते. आज माझी, उद्या तुझी. म्हणजे त्यांच्या होड्या ढकलायला आपल्या सकाळी जातात. त्या सकाळची मासळी बाजारात जात नाही. भाड्याची पावती फाडणारा कुणी नसला, तरी भाडं चुकत नाही.

वाटेत शेतं लागतात. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर होते. जिथं दिवाळीत वल्हं मारलं, तिथं आता टरबुजाचे वेल. त्यांच्यावरून होडी कशी ओढणार? वळसा घालायचा.

एक हिशेब मात्र इथं हलका आहे. पाणी गोडं, बुडाला शिंपले धरत नाहीत. पण ऊन आहे. लाकडी होडी कोरड्यावर राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. मग काथ्या ठोकून वर डांबर ओतायचं, पाण्यात सोडून फळ्या पुन्हा फुगू द्यायच्या, तोवर उपसत बसायचं. पत्र्याला जोडावर गंज धरतो. फायबर दगडाला घासतं. ज्याला यातलं काहीच परवडत नाही, तो थर्माकोलचे तुकडे गोणपाटात शिवून तराफा करतो, त्यावर बसून जाळं टाकतो आणि संध्याकाळी तो डोक्यावर घेऊन घरी जातो. जागेचा प्रश्नच मिटला. वारं सुटल्यावर मात्र त्या तराफ्यावर बसलेलं माणूस बघवत नाही. या पसरट पाण्यावर लाटा उठायला वेळ लागत नाही.

इंजिन बसवलं तर खर्चाची भाषाच बदलते. अंतर्देशीय जलयानांच्या, म्हणजे देशातल्या आतल्या पाण्यावर चालणाऱ्या बोटींच्या, २०२१ च्या कायद्यानं यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी, विमा आला. शिवाय रात्री इंजिन होडीवर ठेवायची सोय नाही. खोलून खांद्यावर घ्यायचं, घरी न्यायचं, पहाटे पुन्हा आणायचं.

(ऑगस्ट. पैठणवर पावसाचा थेंब नाही.)

आणि मग उलटं सुरू होतं. पाऊस नाशिककडं, पाणी इथं. आभाळ निरभ्र, चांदणं पडलेलं, आणि काठ अंगावर येतोय. जो काठ उतरायला आठ महिने लागले, तो काही दिवसांत चढतो. खालच्या खुंट्याला आखूड दोरीनं बांधलेली होडी पाणी वर आलं की नाकावर वाकते आणि भरते. म्हणून आवक वाढल्याची बातमी आली की माणसं होडीजवळच झोपतात. अर्ध्या रात्री बॅटरी लावून दोरी सोडायची, होडी वर घ्यायची, नवा खुंटा ठोकायचा.

जुना खुंटा मात्र जागेवर ठेवायचा नाही. तो पाण्याखाली गेला की दिसत नाही, त्यात जाळं अडकून फाटतं, कधी दुसऱ्याच्या होडीचं बूड. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो डावीकडं, उजवीकडं हलवायचा, सैल करायचा, उपटायचा.

(खुंटा होडीत पडल्याचा आवाज. बॅटरीचा उजेड काठाकडं सरकतो.)