एका पेटीवर दोन झेंडे

(दृश्य: लेहजवळचं चोगलमसर, सप्टेंबर २०२०)
लष्करी गाडीवर शवपेटी आहे. तिच्यावर तिरंगा, आणि त्याच्याच सोबत तिबेटचा हिमसिंहांचा झेंडा. भर रस्त्यावर, कॅमेऱ्यांसमोर. ज्या दलाचं नाव घेणंही वर्षानुवर्षं टाळलं गेलं, त्याच ‘स्पेशल फ्रंटियर फोर्स’ या भारताच्या गुप्त दलातला हा तिबेटी कंपनी लीडर. लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला, १९६२च्या युद्धातल्या जुन्या सुरुंगानं त्याचा जीव घेतला. त्याचं दलही १९६२चंच.

(दृश्य: उत्तराखंडमधला चकराता घाट, छावणी)
कालसी मागं पडलं की रस्ता चढू लागतो तो थेट चकरात्यापर्यंत. परदेशी माणसाला इथं आजही मोकळा प्रवेश नाही. १४ नोव्हेंबर १९६२ला, चीनशी युद्ध चालू असताना, तिबेटी निर्वासितांमधून हे दल उभं राहिलं. त्यात पूर्व तिबेटातल्या खामचे लढवय्ये होते, चिनी सैन्याशी आधीच झुंजलेले. विरळ हवेत ज्यांना धाप लागत नाही अशी माणसं. त्यांना घडवलं सुजनसिंग उबान या लष्करी अधिकाऱ्यानं. उबान पूर्वी तोफखान्याच्या २२ माउंटन रेजिमेंटचे, म्हणून दल झालं ‘एस्टॅब्लिशमेंट २२’. बोलताना नुसतं ‘टू-टू’. कडे चढायचे, शत्रूच्या मुलखात दडून राहायचं, आग्र्याला जाऊन विमानातून उड्या मारायच्या. ही सगळी मेहनत एकाच आशेवर होती: एक दिवस तिबेटात परतायचं.

(दृश्य: कर्णफुली नदी, होड्या, धुकं)
लढाई वाट्याला आली ती मात्र दुसऱ्याच दिशेला. नोव्हेंबर १९७१. मिझो डोंगरातलं देमागिरी. पलीकडे पूर्व पाकिस्तान, चितगावचं डोंगरी रान. युद्ध अजून जाहीर झालेलं नाही, आणि टू-टूचे जवान होड्यांतून, अंधारात आत शिरतायत. एकूण सुमारे ३,००० जण. हातात बल्गेरियन बनावटीच्या एके-४७. बंदूक शत्रूला सापडली तरी तिच्यावरून भारताचं नाव निघू नये, म्हणून. एकेक चौकी घेत ते चितगावच्या रोखानं सरकले, ब्रह्मदेशाकडे पळायची वाट त्यांनी पाकिस्तानी फौजेला बंद केली.

५६ जण मारले गेले, १९० जखमी झाले. दल सैन्याच्या अखत्यारीत नव्हतं, म्हणून शौर्यपदकं नाहीत. ५८० जणांना रोख इनाम.

(दृश्य: पुन्हा चोगलमसर)
हा रस्ता ४९ वर्षांनंतरचा. गर्दीत म्हातारे आहेत, शाळकरी पोरं आहेत. ‘भारत माता की जय’, आणि लगेच ‘तिबेट देश की जय’.

(इथून निवेदन नाही. घोषणांचा मूळ आवाज.)