पायलट, पात्रांव आणि एक बोचरा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा कोल्हापूरहून पहिल्यांदाच एकटा गोव्याला येत होता. मी सवयीने त्याला फोनवर सांगितले, "म्हापशाला उतर आणि पायलट करून घरी ये." तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, मी बसने येतोय, विमानाने नाही." पाठीमागे प्रवासी बसवून भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाला गोव्यात पायलट म्हणतात आणि गाडीच्या पुढच्या पिवळ्या मडगार्डावरून तो लांबूनही ओळखू येतो, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विचित्र आहे असे आपल्या मनातही येत नाही. मात्र मुरगाव बंदरात परक्या जहाजाला वाट दाखवत आत आणणाऱ्यालाही पायलटच म्हणतात, आणि अनोळखी पाहुण्याला बोळाबोळांतून नेमक्या दारापाशी पोचवणाऱ्या आमच्या या माणसाशी तो अर्थ मला विमानाच्या अर्थापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पाव घेऊन आलेल्या पोदेराने भाच्याला विचारले, "पात्रांव, कितें जाय?" म्हणजे काय हवे? आपले नाव पात्रांव नाही, हे भाच्याने त्याला अगदी नम्रपणे सांगितले. 'पात्रांव' हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ मालक, धनी. एके काळी नोकराने भीतभीत उच्चारायचा हा शब्द आज दुकानदार गिऱ्हाइकाला, कंडक्टर प्रवाशाला आणि मित्र मित्राला सर्रास लावतो. मुंबईत 'शेठ' या शब्दाचेही असेच झाले. 'पात्रांव'च्या शेवटच्या नाकातल्या 'आंव'कडे श्रोत्यांनी कान द्यावा, कारण ती एक किल्ली आहे. पोर्तुगिजांचा 'पांव' मराठीत अनुस्वार गाळून पाव झाला, त्यांचा 'लेइलांव' आपला लिलाव झाला, आणि गोव्याच्या घरांपुढचा बसायचा ओटा मात्र अजून बाल्कांवच राहिला. 1510 पासून 1961 पर्यंतची राजवट गेली, तिचा हा नासिक्य स्वर उरला. आमच्या शेजारच्या आसगावात 1855 साली जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी अशा शब्दांचा माग आशियातल्या कितीतरी भाषांतून काढला आणि 1913 साली तो ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या स्वतःच्या नावातही तोच 'आंव' आहे.

किल्ली हाती आली म्हणजे सगळीच कुलुपे उघडतात असे नव्हे. दारुड्याला गोव्यात बेबदो म्हणतात. तो शब्द सरळ पोर्तुगीज आहे आणि मराठीतला बेवडा कानाला त्याचा सख्खा भाऊ वाटतो. तरीही नुसत्या ध्वनीच्या साम्यावरून एकाला दुसऱ्याचा बाप ठरवणे योग्य नव्हे.

'सुशेगाद' या शब्दाबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटते. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, स्वस्थ, निवांत. दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी उरकलेला माणूस हातपाय धुऊन संध्याकाळी बाल्कांवात टेकतो, ते सुशेगाद. सुट्टीच्या जाहिरातींतून तो शब्द इतका फिरला की बाहेरच्यांना त्यात आळसच ऐकू येऊ लागला, आणि आता आपलीच मुले आळशी मित्राला सुशेगाद म्हणू लागली आहेत.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी भाचा बाजारातून आला, तो गप्प होता. जेवताना त्याने विचारले, "मामा, घांटी म्हणजे काय?" बसमध्ये जागेवरून बाचाबाची झाली, तेव्हा कुणीतरी त्याला तसे म्हटले होते. मी सांगितले की सह्याद्रीचा घाट उतरून जो येतो तो घाटी, म्हणजे मुळात ही फक्त दिशा आहे, त्यात शिवी कुठेच नाही. हे सगळे खरे होते आणि मी ते नीट समजावूनही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि ताटाकडे बघत म्हणाला, "मग हे सांगताना तुमचा आवाज का खाली आला?"