लॅरी होम्सचा जॅब आणि न झालेल्या फाइट्स

[नदी, पहाटेचा शॉट]

हे ईस्टन, पेनसिल्व्हेनिया. लीहाय नदी इथे येऊन डेलावेअरला मिळते, पलीकडचा काठ न्यू जर्सीचा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या मराठी घरांमधून इथे यायला साधारण तासभर लागतो आणि बहुतेक जण येतात ते पोरांना क्रेयोला दाखवायला, म्हणजे रंगीत खडूंच्या कंपनीचं मुलांसाठीचं ठिकाण. मीही पहिल्यांदा त्यासाठीच आलो होतो. पोरं आत रंगात दंग होती, मी जरा पाय मोकळे करायला नदीकडे गेलो तर रस्त्याच्या पाटीवर नाव दिसलं, लॅरी होम्स ड्राइव्ह, आणि थोडं पुढे गेलं की हा पुतळा.

[पुतळा, खालून वर]

2015 साली बसवलाय. बघा त्याचा पवित्रा. लॅरी होम्स, हेवीवेटचा, म्हणजे बॉक्सिंगमधल्या सगळ्यात जड वजनगटाचा चॅम्पियन, 1978 ते 1985. बॉक्सिंगवर बोलणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे नाव काढा, दोन मिनिटांत विषय मोहम्मद अलीवर जातो नाहीतर माइक टायसनवर, होम्स मधल्यामध्ये गायब. अलीला हरवलं तो, टायसनकडून मार खाल्ला तो, एवढीच त्याची ओळख उरलीय आणि मला हेच पटत नाही. म्हणून हा व्हिडिओ.

[जिम, बॅगवर सराव]

आधी जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, समजून घेऊ, कारण होम्सची सगळी कुंडली या एका ठोशात आहे. हा सोळा वर्षांचा मुलगा आमच्या ओळखीचा, त्याला सांगितलं की फक्त डावा हात मार, दुसरं काही नको. आता स्लो मोशनमध्ये बघा. डावा पाय आधी सरकतो, अगदी इंच दोन इंच, त्याच्यामागून खांदा फिरतो, कोपर शेवटपर्यंत आतच राहतं, बाहेर उघडत नाही, आणि मूठ पोचता पोचता उलटी होते, तळवा खाली. बॅगचा आवाज ऐका, धप्प असा नाही, चटका बसल्यासारखा आहे. आणि खरी मेख परत येण्यात आहे. गेला त्याच रेषेत हात मागे आला पाहिजे. या मुलाचा हात परत येताना खाली पडतोय, दिसतंय ना, हनुवटी पूर्ण उघडी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

होम्सची उंची सहा फूट तीन इंच, हातांचा पल्ला 81 इंच. पण उंच माणसं खूप असतात हो. त्याचा जॅब वेगळा होता कारण तो एकटा यायचाच नाही. एक डोळ्यांवर टाकायचा, समोरचा पापणी मिटतो न मिटतो तोवर दुसरा, तिसरा, आणि चौथ्याच्या जागी उजव्या हाताचा ठोसा. समोरच्याला पाय रोवायला सवडच नाही. हे तो शिकला कुठे, तर डीअर लेकला, अलीच्या कॅम्पमध्ये. सातवीत शाळा सुटलेली, कार वॉशमध्ये काम केलेलं, आणि तिथून हा पोरगा अलीचा स्पॅरिंग पार्टनर, म्हणजे सरावातला जोडीदार झाला. पहिल्या दिवसांत अलीने त्याचा डोळा काळानिळा केला तर याने बर्फ लावून घ्यायला नकार दिला, गावात जाऊन दाखवायचं होतं की हे अलीने केलंय! 1973 ला स्क्रँटनमध्ये पहिली प्रोफेशनल फाइट, हातात आले 63 डॉलर. पुढची कित्येक वर्षं तो दुसऱ्यांच्या मोठ्या रात्रींआधीच्या फाइट्स लढत राहिला, 1975 ला मनिलात अली आणि जो फ्रेझर लढले त्या कार्डवरही, म्हणजे त्या दिवशीच्या फाइट्सच्या यादीतही हा होता, कोणाच्या लक्षात नाही.

[नॉर्टन, पंधरावा राउंड]

आता हे बघा. 9 जून 1978, लास वेगास, सीझर्स पॅलेस. समोर केन नॉर्टन, ज्याने अलीचा जबडा मोडला होता तोच. फाइटच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या हाताचा स्नायू फाटलेला, म्हणजे ज्या हातावर सगळं उभं तोच हात दुखावलेला, आणि तरी सुरुवातीचे राउंड त्याने त्याच हातावर घेतले. मग नॉर्टन पुढे सरसावला. चौदा राउंड झाले तेव्हा तिन्ही जजच्या गुणांच्या कार्डवर दोघांचे सात सात राउंड. म्हणजे वर्ल्ड टायटल उरल्या तीन मिनिटांवर.

सुरुवातीला नॉर्टन घुसतोय, होम्स मागे. मग मध्यावर कुठेतरी दोघंही थांबतात, पाय थांबतात, आणि समोरासमोर उभं राहून नुसती देवाणघेवाण सुरू होते. होम्सचं तोंड उघडं आहे, दमलाय, डावा हात किती जड झाला असेल कल्पना करा. हा आला उजवा. परत. नॉर्टनचे गुडघे बघा, बेलला जेमतेम उभा आहे. निकाल दोन जज विरुद्ध एक, होम्सच्या बाजूने, आणि प्रत्येक कार्डवर फरक फक्त एका पॉइंटचा. कोणी मला विचारलं ना की होम्सची एकच गोष्ट दाखव, तर मी अलीची फाइट दाखवणार नाही, ही तीन मिनिटं दाखवेन.

[शेव्हर्स, सातवा राउंड]

आणि हा त्या पडलेल्या हाताचा हिशोब. सप्टेंबर 1979, अर्नी शेव्हर्स. होम्सला जॅब खाली आणायची सवय होती, त्याच्या वरून शेव्हर्सचा उजवा येतो आणि होम्स पाठीवर. इतका जोरात पडलेला माणूस सहसा उठत नाही. हा उठला, राउंड काढला, आणि अकराव्यात शेव्हर्सला संपवलं. दोन वर्षांनी रेनाल्डो स्नाइप्सनेही असाच उजव्याने पाडला होता, त्यालाही त्याच अकराव्या राउंडमध्ये संपवलं.

2 ऑक्टोबर 1980, होम्स विरुद्ध अली. अली 38 वर्षांचा, थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेला, अंगात ताकद नाही. होम्स जॅब मारतो आणि रेफरीकडे बघतो, परत मारतो, परत बघतो. दहाव्या राउंडनंतर अलीच्या कॉर्नरने, म्हणजे त्याच्याच माणसांनी फाइट थांबवली. चार वर्षांनी अलीला पार्किन्सन्सचं निदान झालं. होम्सचा हा चेहरा बघा, जिंकल्यानंतरचा.

ओळीने सांगतो. वीस वेळा टायटल राखलं, तोवर त्याच्या पुढे एकटा जुना चॅम्पियन जो लुईस. 48 फाइट्स, 48 विजय. एकही फाइट न हरता निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोचा 49 विजयांचा आकडा एका पावलावर. आणि 21 सप्टेंबर 1985 ला, म्हणजे मार्सियानोच्या शेवटच्या फाइटला बरोब्बर तीस वर्षं झाली त्याच तारखेला, लाइट हेवीवेटमधून वर आलेल्या मायकल स्पिंक्सने त्याला पॉइंट्सवर हरवलं. त्या रात्री तो रागात बोलून गेला की मार्सियानोची माझा लंगोट उचलायचीही लायकी नव्हती. मार्सियानोच्या घरचे तिथेच होते. नंतर माफी मागितली पण लोकांनी ते वाक्य धरून ठेवलं ते ठेवलंच. चुका त्याच्याही आहेत, आव्हान देणाऱ्या ग्रेग पेजशी लढायच्या ऐवजी 1983 ला डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा बेल्ट सोडला, सगळे बेल्ट एकत्र केले नाहीत.

[स्प्लिट स्क्रीन: होम्स, मार्सियानो]

आता ज्यासाठी तुम्ही थांबलात ते, न झालेल्या फाइट्स, दोघंही आपापल्या ऐन भरात असते तर. मार्सियानो विरुद्ध होम्स. मार्सियानोचं वजन साधारण 185 पाउंड, हातांचा पल्ला 68 इंचांच्या आसपास, म्हणजे होम्सपेक्षा फूटभर कमी. हे दोन शॉट बाजूबाजूला ठेवलेत, मार्सियानो आत कसा शिरतो ते बघा, वाकून, डोकं पुढे घालून. आत शिरला तर शेव्हर्ससारखा एखादा उजवा नक्की लागेल. पण शिरायच्या वाटेवर दर पावलाला एक जॅब आहे, आणि मार्सियानोची कातडी फाटायची, एझर्ड चार्ल्सबरोबर नाक कसं उघडलं होतं ते सगळ्यांना माहितीय. माझ्या मते दहाव्याच्या आसपास रेफरी थांबवतो.

टायसन. इथे भांडणं होतात, होऊ दे. जानेवारी 1988 ला टायसनने त्याला चौथ्या राउंडमध्ये संपवलं हे खरं, 75 फाइट्समध्ये होम्स वेळेआधी थांबवला गेला तो फक्त त्याच रात्री. पण होम्स 38 वर्षांचा होता, जवळपास दोन वर्षं रिंगबाहेर, आणि टायसन 21. अलीचंही वय होम्ससमोर 38 च होतं ना? मग अलीला जी सूट देता ती याला का नाही? अली त्या रात्री तिथे होता, टायसनच्या कानात काहीतरी बोलला. आता या चौथ्या राउंडची सुरुवात बघा, पडायच्या आधीची. म्हातारा होम्स चवड्यांवर येतो, जॅब लागतोय, टायसनचं डोकं मागे जातंय. दोन वर्षांनी टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला कशाने तोडलं? लांब जॅबने. 1980 चा होम्स आणि 1988 चा टायसन, पहिले चार राउंड टायसनचे, त्यात होम्स एकदा खाली जाणार, मी लिहून देतो. आणि उठणार. तिथून पुढे टायसनला वाट सापडत नाही. पॉइंट्सवर होम्स.

नंतरचा चॅम्पियन लेनॉक्स लुईस, त्याच्याबद्दल मात्र मी गप्प बसतो. सहा फूट पाच इंच, हातांचा पल्ला 84, आणि उजवा तसाच सरळ, वरून येणारा. जॅब तोच मारणार आणि होम्सला पहिल्यांदा कोणीतरी लांबून मोजणार. लुईस जिंकला म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

[रे मर्सर, फेब्रुवारी 1992]

शेवटचं. होम्स 42 वर्षांचा आहे. रे मर्सर सोल ऑलिम्पिकचा गोल्ड मेडलिस्ट, एकही फाइट न हरलेला, सगळे म्हणत होते म्हाताऱ्याला मारून टाकेल. होम्स स्वतःहून कॉर्नरमध्ये जाऊन टेकतो, मर्सरला बोलावतो, ये. तो येतो, मारतो, बहुतेक ठोसे खांद्यावर आणि दंडावर, आणि मधूनच तो डावा हात बाहेर येतो. आता हळू झालाय, पण रेषा तीच आहे, सरळ जातो आणि सरळ परत येतो, आता खाली पडत नाही. तिन्ही जजनी फाइट होम्सला दिली.

बारावा राउंड पूर्ण लावतोय. यावर मी काही बोलणार नाही.