सायकलवरून पाहायचा कलामहोत्सव

जर्मनीच्या वायव्य भागातील म्युन्स्टर शहरात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत, असे तेथील रहिवासी अभिमानाने सांगतात. जुन्या शहराभोवती पूर्वी तटबंदी होती. ती पाडल्यानंतर तिच्या जागी लिंडेन वृक्षांच्या रांगांमधून जाणारा सुमारे साडेचार किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग तयार झाला. प्रोमेनाड नावाच्या या मार्गावर मोटारींना मनाई आहे आणि सुट्टीच्या सकाळी येथून निघालेल्या सायकलस्वाराला हव्या त्या दिशेचा फाटा सहज मिळतो. आपण आज निघालो आहोत ते दर दहा वर्षांनी भरणाऱ्या एका शिल्पमहोत्सवाच्या मागावर.

या महोत्सवाचे मूळ एका वादात आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी शिल्पकार जॉर्ज रिकी यांचे वाऱ्याने फिरणारे धातूचे चौकोन शहरात बसवण्याचे ठरले, तेव्हा ‘याला शिल्प कसे म्हणायचे?’ असा प्रश्न करत नागरिकांनी कडाडून विरोध केला. त्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. कला-इतिहासकार क्लाउस बुसमान यांनी तसे केले नाही. आधुनिक शिल्पकला लोकांना समजावून सांगण्यासाठी त्यांनी व्याख्याने ठेवली, १९७७ साली प्रदर्शन भरवले आणि प्रदर्शन-संयोजक कास्पर क्योनिग यांना सोबत घेतले. क्योनिग यांनी कलावंतांना शहरात बोलावले, स्वतःची जागा स्वतः निवडायला सांगितले आणि त्या जागेसाठीच काम करायला लावले. तेव्हापासून १९८७, १९९७, २००७ आणि २०१७ असा हा महोत्सव भरत आला आहे. तो संपल्यावरही काही कलाकृती शहर ठेवून घेते. आज अशा तीसहून अधिक कलाकृती रस्त्यांत, बागांत आणि तळ्याकाठी कायम उभ्या आहेत. त्या पाहण्यासाठी तिकीट लागत नाही.

प्रोमेनाड सोडून नैर्ऋत्येला वळले की आझे हे तळे लागते. त्याच्या काठच्या हिरवळीवर क्लेस ओल्डेनबर्ग यांचे काँक्रीटचे तीन प्रचंड गोळे पडलेले दिसतात. प्रत्येकाचा व्यास साडेतीन मीटर आहे. शहर म्हणजे बिलियर्डचे टेबल, अशी ओल्डेनबर्ग यांची कल्पना होती. १९७७ साली संतापलेल्या विद्यार्थ्यांनी हे गोळे तळ्यात ढकलून देण्याचा प्रयत्न केला होता. आज त्यांच्या सावलीत लोक निवांत बसतात. जवळच डोनाल्ड जड यांची एकात एक बसवलेली दोन काँक्रीटची वर्तुळे आहेत. त्यांतील एक जमिनीच्या उताराबरोबर कलते, तर दुसरे आपली पातळी सोडत नाही. ज्या उतारावरून आपण नुकतेच पायडल न मारता खाली आलो, तो किती आहे हे येथे डोळ्यांना दिसते. मोटारीतून आलेल्या माणसाला हा उतार जाणवलाच नसता, आणि म्हणूनच या शिल्पांकडे सायकलने येणे ही केवळ सोय नाही, तर पाहण्याची योग्य रीत आहे असे आम्हाला वाटते.

याच हिरवळीवर इल्या कबाकोव्ह यांनी १९९७ साली उभारलेला एक उंच खांब आहे. दुरून तो टीव्हीचा जुना अँटेना वाटतो आणि अनेकजण तसाच समजून पुढे निघून जातात. त्याचे मर्म कळण्यासाठी सायकल गवतात आडवी करायची आणि स्वतःही पाठीवर पडायचे. मग खांबाच्या आडव्या दांड्यांमध्ये बारीक तारेची जर्मन अक्षरे आकाशावर उमटू लागतात. ढग मागून सरकतात, एखादे अक्षर पांढऱ्यात हरवते आणि निळ्यात पुन्हा वाचता येते. मजकूरही गवतात पडून वर पाहणाऱ्यालाच उद्देशून लिहिलेला आहे: आसपास कोणी नाही, फक्त वारा ऐकू येतो आहे आणि वर मोकळे आकाश आहे. वाचणारा त्या क्षणी जे करतो आहे, तेच तो वाचतही असतो. आमच्या मते साऱ्या शहरातील ही सर्वांत हळुवार कलाकृती आहे.

विद्यापीठाच्या विज्ञान विभागांच्या परिसरात ब्रूस नॉमन यांचा उलटा पिरॅमिड आहे. प्रत्येक बाजू पंचवीस मीटरची असलेला हा पांढऱ्या काँक्रीटचा चौरस मध्यभागी खोल होत जातो. मधोमध उभे राहिले की काठ नजरेच्या पातळीवर येतात आणि माणूस उघड्यावर एकटा पडतो. या कामाचा आराखडा १९७७चा असला, तरी ते प्रत्यक्षात उतरले २००७ साली.

सगळेच मात्र टिकत नाही. २०१७ साली आयशे एर्कमेन यांनी बंदरात पाण्याच्या किंचित खाली एक वाट बांधली होती आणि प्रेक्षक पाण्यावरून चालल्यासारखे दोन काठांमध्ये ये-जा करत होते. ती वाट महोत्सवानंतर काढून टाकण्यात आली. पुढचा महोत्सव २०२७ साली आहे. तळ्याकाठची आणि विद्यापीठ परिसरातील ही कामे मात्र कोणत्याही सुट्टीच्या दिवशी पाहता येतात.