दाब मोजता, नळीही मोजून घ्या

नमस्कार श्रोतेहो. सकाळी गोळी घेतली, मशीनवर १३०-८० दिसलं, की आपण निर्धास्त. पण हा दाब वर्षानुवर्षं सोसलेल्या नळीचं काय झालंय, ते दंडावरचा पट्टा सांगत नाही.

ही नळी म्हणजे महाधमनी. छातीतून पोटात उतरते, बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर. उतारवय, रक्तदाब आणि सगळ्यांत जास्त म्हणजे विडी-सिगारेट यांनी तिची भिंत विरते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा एका जागी फुगवटा येतो. रुंदी ३ सेंटिमीटर झाली की आम्ही त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतो. (मधुमेह्यांत हा कमी आढळतो. त्यांच्या नशिबी एवढं तरी!)

बहुधा तो दुखत नाही, खुपत नाही. फुटला की मात्र पोटात, पाठीत एकदम कळ, घाम, चक्कर. घरचे मुतखडा समजून शेकत बसतात. तेवढा वेळ नसतो.

आइनस्टाइनना हाच आजार होता. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या महाधमनीभोवती चक्क सेलोफेन गुंडाळला. १९५५च्या एप्रिलमध्ये ती फुटली. पुन्हा शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली. आज जांघेतून नळी घालून आत स्टेंट बसवता येतो. पण आधी फुगवटा सापडायला हवा ना!

ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी सोनोग्राफीचं बोलावणं येतं. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, कधीतरी धूम्रपान केलेल्या पुरुषांनी ती एकदा करावी, असा सल्ला आहे. नुसता रक्तदाब आहे म्हणून सरसकट करा, असं कुणी म्हणत नाही. माझं मत विचाराल तर पासष्टी ओलांडलेली, रक्तदाब आहे, विडी ओढायचात, मग ती सोडून वीस वर्षं का झाली असेनात, तर डॉक्टरांकडे विषय काढाच. आईवडील किंवा भावंडांत कुणाला हा आजार असेल, तर बायकांनीही.

सापडला म्हणजे लगेच कापाकापी नाही. पुरुषांत साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत ठरावीक काळाने मोजत राहायचं, दाब आटोक्यात ठेवायचा, विडी कायमची बंद.

प्रोस्टेटसाठी पोटाची सोनोग्राफी तर होतेच. त्या टेबलावर असतानाच म्हणा, "डॉक्टर, महाधमनीची रुंदीही बघा." आणि कपाटात जुना रिपोर्ट असेल, तर नातवाला त्यात ‘एओर्टा’ (म्हणजे महाधमनी) शब्द शोधायला सांगा. पुढे आकडा आहे, की नुसतं ‘नॉर्मल’, की काहीच नाही?