नोंद म्हणजे हक्क नव्हे
(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. माझी सगळी वकिली दिवाणी कामांत गेली. पक्षकारांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच आहे, "साहेब, मला वाटलं ती वारसनोंदीची सही आहे."

कोरेगाव तालुक्यातल्या एका मावशींचं सांगतो. वडील वारले. दिवसकार्य आटोपल्यावर धाकट्या भावाचा निरोप आला, "आक्का, सातबाऱ्याला नावं लावायचीत, एक दिवस येऊन जा." मावशी गेल्या. दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं, फोटो काढला, अंगठा घेतला. भावानं साडीचोळी केली, एसटीत बसवून दिलं. काही वर्षांनी त्या जमिनीतून रस्ता गेला, मोबदल्याच्या यादीत मावशींचं नाव नाही. त्यांनी सही केलेला कागद हक्कसोडपत्र होता.

आता यातला फरक नीट ऐका. वारसनोंद म्हणजे माणूस वारल्यावर त्याच्या जागी वारसांची नावं सरकारी दप्तरात लावणं. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज जातो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र. मग फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, कुणाची हरकत नसेल तर मंडल अधिकारी तो मंजूर करतात. या सगळ्यात दुय्यम निबंधकाचं काही काम नसतं. हक्कसोडपत्र म्हणजे मिळालेला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडून देणं, आणि ते 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावं लागतं. म्हणून माझ्या माहेरवाशिणींना मी एकच खूण सांगत आलोय. वारसनोंदीसाठी म्हणून बोलावलं आणि निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं, तर उठून उभ्या राहा आणि कागदाचं शीर्षक मोठ्यानं वाचून घ्या.

आणि हिस्सा आहे का, हा प्रश्न तर आता उरलेलाच नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं मुलगी मुलासारखीच जन्मानं सहदायाद झाली. सहदायाद म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासूनच वाटा असलेली व्यक्ती. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल येत होते. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गरज नाही, कारण हक्क जन्मानं आला आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

'वारस' या शब्दानं सातारकरांचं एकदा काय केलं, तेही सांगायला हवं, कारण कायद्याचा सिद्धांत म्हणजे काय हे त्याहून चांगलं मला समजावता येत नाही. 1819 च्या तहात कंपनी सरकारनं प्रतापसिंह महाराजांना हे राज्य दिलं ते त्यांना आणि त्यांच्या वारसांना, कायमचं. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. 1848 मध्ये ते वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा औरस मुलासारखाच वारस. डलहौसीनं शब्द तोच ठेवला आणि त्याचे दोन तुकडे केले. खासगी मालमत्तेपुरता दत्तक वारस मान्य, पण राज्यापुरता आमच्या संमतीशिवाय नाही. आपण इतिहासात शिकतो ते 'दत्तक वारस नामंजूर' हेच, आणि त्याखाली खालसा झालेलं पहिलं मोठं संस्थान सातारा. प्रतापसिंहांचा न्याय मागायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडत राहिले. राजवाड्यावरून जाताना मला अजूनही त्या एका शब्दाचा राग येतो.

सातबाऱ्याकडे येतो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. आपल्याकडे सातबारा म्हणजे मालकी असं घट्ट बसलंय. 1966 च्या जमीन महसूल संहितेतलं कलम 157 म्हणतं की नोंद खरी मानावी, विरुद्ध शाबीत होईपर्यंत. हे गृहीतक आहे, हक्क नव्हे. नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. मालकी येते खरेदीखतानं, वाटणीनं, वारसानं, मृत्युपत्रानं. तलाठ्यापुढे "माझा हिस्सा भावाला दिला" असा नुसता जबाब देऊन नाव कमी झालं, तरी हिस्सा गेला असं होत नाही. मावशींच्या बाबतीत दस्त नोंदलेला होता, अडचण तिथं होती.

साठेखताबद्दल दोनच वाक्यं. साठेखत म्हणजे पुढं खरेदीखत करून देण्याचा करार, त्यानं जमीन तुमची होत नाही. साठेखत आणि मुखत्यारपत्र मिळून खरेदी होते हा समज 2011 च्या निकालानं मोडीत काढला, तरी लोक अजून त्यावर प्लॉट घेतात.

आता बारा वर्षं. "बारा वर्षं आम्हीच कसतोय, जमीन आमचीच" हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. 1963 च्या मुदत कायद्यात बारा वर्षं आहेत खरी, पण ती विरुद्ध कब्जाची. वहिवाट बळजबरीची नको, चोरून नको, परवानगीची नको, असं जुनं रोमन सूत्र आहे. मालकाला दिसेल असं, त्याचा हक्क नाकारून, अखंड बारा वर्षं बसलात तरच. भाऊ बहिणीच्या हिश्श्यात राबला तर तो तिच्याही वतीनं राबला असंच कायदा धरतो. तिला तोंडावर "तुझा काही संबंध नाही" असं सांगितलं किंवा वागण्यातून तसं स्पष्ट कळवलं, तिथून पुढं दिवस मोजायचे.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र मोडता येतं का? येतं, पण फसवणूक कशाची झाली ते महत्त्वाचं. 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं दोन प्रकार वेगळे केले. कागद कसला आहे हेच खोटं सांगितलं असेल, तर तो मुळातच रद्दबातल. कागद कसला ते माहीत होतं आणि फक्त आतला मजकूर लपवला, तर तो तुम्ही कोर्टातून रद्द करवून घेईपर्यंत जिवंत राहतो. तसा रद्द करवून घ्यायला मुदत तीन वर्षं, फसवणूक कळली तेव्हापासून. म्हणून कधी कळलं, कुणाकडून कळलं, हाच अशा दाव्याचा कणा. मोबदल्याच्या यादीत नाव नाही हे कळलं त्याच आठवड्यात मावशींनी त्या दस्ताच्या नकलेसाठी अर्ज केला होता. त्या अर्जाची पोच त्यांनी देवघरात जपून ठेवली होती आणि दाव्यात आम्ही दाखल केलेला पहिला कागद तोच होता.